टेपची दोन टोकं

नाणेघाटाच्या माथ्यावर झोडपणारा पाऊस नारायणगावापर्यंत येता येता पार दमतो आणि आण्याच्या पठारावर तर त्याची आर्जवं करावी लागतात. एका जुन्नर तालुक्यात पावसाच्या अशा तीन तऱ्हा. आमचं गाव मधल्या पट्ट्यात, कुकडीच्या काळ्या रानात. इथला पाऊस फार नाही, पण नवं घर पारखून घेण्यापुरता असतो. आप्पांनी आयुष्यभराच्या टोमॅटोच्या पट्ट्यांतून उभं केलेलं घर त्यानं जून संपायच्या आत पारखलं. जिन्याच्या कोपऱ्यात बशीएवढा ओला डाग आला, तो ताटाएवढा झाला, मग देवघराच्या भिंतीवरून एक बारीक ओघळ थेट फरशीपर्यंत उतरला. पडवीचा ओटा एका अंगानं बोटभर खचला. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघाली आणि आई रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी तिच्याकडं बघू लागली, वाढली का म्हणून.

ठेकेदार घोड नदीकडचा, आंबेगाव तालुक्यातला. त्याचा फोन लागेना. लागला तेव्हा तो म्हणाला, "आप्पा, पहिल्या पावसात नवं घर थोडं रडतंच." आप्पा भडकले. मला ते वाक्य आवडलं, पण हे त्यांना सांगण्याची ती वेळ नव्हती.

दोघांमधला करार म्हणजे खताच्या दुकानातून मिळालेल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आप्पांच्या अक्षरातल्या तीन ओळी. काम मटेरियलसह, स्क्वेअर फुटाचा दर अमुक, हप्ते जोतं, लिंटेल, स्लॅब, प्लास्टर, फरशी असे. खाली कुणाचीच सही नाही. बाकी सगळं तोंडी. ओटा किती उंच, पाण्याची टाकी कुणाच्या खर्चानं, जिन्याचं माप कसं धरायचं, सगळ्याला एकच उत्तर, बघून घेऊ. आमच्याकडं सोयरिकीत आणि घरबांधणीत आधी कागद काढणारा माणूस हलका समजतात. कागद मागितला की संशय घेतला.

आणि हे कुठल्या मुलखात, तर जिथं दोन हजार वर्षांपूर्वी लोक बांधकामाची नोंद कातळात करून ठेवत होते. जुन्नरच्या भोवती शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी, तुळजा अशी लेण्यांची माळ आहे आणि तिथले ब्राह्मी लेख वाचले तर एखादं नोंदणी कार्यालय उघडल्यासारखं वाटतं. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिलं. इरिल नावाच्या यवनानं दोन टाकी दिली. कुणी करंजाची झाडं लावायला वीस निवर्तनं जमीन दिली, तर तीसुद्धा कुठल्या गावातली ते लिहून. कोणी दिलं, काय दिलं, किती दिलं, कशासाठी दिलं, सगळं जागच्या जागी. हे लेख पुण्य नोंदवायला कोरलेले आहेत, ठेका नोंदवायला नाही, हे मलाही कळतं. तरी मानमोडीच्या डोंगरात भूतलिंग गटातलं जे चैत्यगृह आहे, ज्याच्या दर्शनी भागावर चंद नावाच्या यवनाचं नाव आहे, तिथं गेलं की मनात एक पाप येतं. बाहेरून दर्शनी भाग नक्षीनं भरलेला आणि आत काम अर्धवट सोडलेलं. खडकानं दगा दिला, दात्याचा हात आखडला की पाथरवट दुसऱ्या कामावर निघून गेले? दर्शनी भाग आधी झकास करायचा आणि आतलं मागं ठेवायचं, ही पद्धत मला फार ओळखीची वाटते. हप्त्यावरून काहीतरी झालं असणार.

आप्पांनी शेवटचा हप्ता अडवला, २ लाख ४० हजारांचा. ठेकेदारानं माणसं काढून घेतली. गच्चीच्या कठड्याचं प्लास्टर निम्म्यावर थांबलं, वरच्या मोरीची फरशी खोक्यातच राहिली. वर त्यानं जादा कामाचे ६२ हजार मागितले आणि स्लॅबचं माप छज्जा धरून लावलं. "सगळीकडं असंच धरत्यात," तो म्हणाला. आप्पा म्हणाले, "छज्ज्याखाली काय मी झोपायचंय?" इथून पुढं बोलणं वाढलं आणि एक दिवस तो आईलाही काहीतरी तोडून बोलला.

सगळ्यात चिवट वाद पाण्याचा. घरात पाणी येऊ नये म्हणून स्लॅब टाकायचा आणि तो पक्का व्हावा म्हणून त्यालाच दिवसरात्र पाणी पाजायचं, असा सिमेंटचा उफराटा स्वभाव. गच्चीवर वाळू-सिमेंटचे बारके बांध घालून वाफे करतात आणि त्यात पाणी उभं ठेवतात. निदान सात दिवस तरी काँक्रीट ओलं राहिलं पाहिजे; त्याची ताकद मोजतात ती २८व्या दिवसाची. आमच्या भागात हे पाणी मारणं मालकाच्या अंगावर असतं. आप्पांचा स्लॅब पडला त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. मोटार सुरू करायची तर उसाच्या कडेकडेनं विहिरीवर जावं लागणार, आणि उसात बिबट्या. जुन्नर-आंबेगावात ही गोष्ट रंगवून सांगावी लागत नाही. उसाच्या फडात मादी पिल्लं घालते, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, दिवेलागणीला वस्तीवरची पोरं दामटून घरात घेतात. त्या आठवड्यात शेजारच्या वस्तीवरची कालवड गेली होती. आप्पा दोन रात्री विहिरीकडं फिरकले नाहीत. गच्चीवरचे वाफे कोरडे पडले. ठेकेदार म्हणे, गळती त्या दोन रात्रींची. आप्पा म्हणत, वाळूत माती होती. म्हणजे या भांडणात तिसरा पक्षकार चार पायांचा होता आणि त्याला नोटीस लावायची सोय नव्हती.

गावात सल्ल्याला तोटा नाही. एकानं सांगितलं, फोर-ट्वेंटी टाका. पोलीस ठाण्यात शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. पुण्यातला चुलतभाऊ म्हणाला, रेरा. तोही निरुपयोगी निघाला. २०१६चा तो कायदा घर बांधून विकणाऱ्याला धरतो, ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर त्याच्याकडून दुरुस्त करून घेतो. आमची जमीन आमची, सातबारा आप्पांच्या नावावर. ठेकेदारानं आम्हाला काही विकलेलंच नव्हतं. खेड्यात जी घरं बांधली जातात त्यातली बहुतेक अशीच, म्हणजे बिल्डरविरुद्धच्या सगळ्यात गाजलेल्या कायद्याच्या बाहेरची.

उरला ग्राहक कायदा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा घर बांधून घेणाराही ग्राहक असतो हे कुणाच्या गावी नसेल. १९८६च्या कायद्यात १९९३ साली घरबांधणी हा शब्द घातला गेला आणि त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की घर बांधून देणं ही सेवा आहे आणि तिच्यात खोट निघाली तर ग्राहकाला दाद मागता येते. आता २०१९चा कायदा आहे. दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, दहा ते वीस लाखांच्या कामाला फी अवघी ४०० रुपये. जुन्नरच्या वकिलांनी हे सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "तक्रार टिकेल. पण आधी एका कागदावर लिहून आणा, काय बिघडलं आणि नीट करायला किती लागतील."

आप्पांनी दोन पानं भरून आणली. पहिलं कलम, फोन उचलत नाही. दुसरं, मालकिणीला उलट बोलला. तिसरं, वास्तुशांतीच्या जेवणाला पहिल्या पंगतीत बसवला तरी जाण ठेवली नाही. ओटा सातवा होता, भेग नववी. वकिलांनी वरची कलमं वाचली, चष्मा काढून पुसला आणि पेन्सिलीनं त्यांच्यावर हलकीच रेघ मारली. आप्पांचा चेहरा पडला. मला तेव्हा लख्ख दिसलं, की २ लाख ४० हजार हा आकडा अपमानाचा होता. ओलीचा हिशेब त्याच्या कितीतरी खाली कुठंतरी होता, आणि तो अजून कुणी केलाच नव्हता.

ठेकेदाराला समोरासमोर गाठायला मी घोडेगावच्या पुढं, डिंभ्याच्या बाजूला गेलो. हा रस्ता घरांविषयी फार बोलतो. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे ते गावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचं ठाणं घोडेगावात, बाजार मंचरला आणि नाव पाण्यात. तसंच आत गेलं की माळीण. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगराचा कडा चिखल होऊन खाली आला आणि १५१ माणसं घरांसकट गाडली गेली. पुढं आमड्याला नवं गाव बांधलं, २ एप्रिल २०१७ला मुख्यमंत्र्यांच्या हस्ते लोकांच्या ताब्यात दिलं. त्याच जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात नव्या गावातले रस्ते खचल्याच्या, तडे गेल्याच्या बातम्या आल्या. उताराची जागा तोडून, भराव टाकून सपाट केली की तो भराव पहिल्या पाण्यात बसतो, हे कुठलाही गवंडी सांगेल. जुने गवंडी जोत्याला एक पावसाळा दाखवत आणि मगच भिंती चढवत. पण एका सकाळी आख्खं गाव गेलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना रस्त्यातली भेग ही नुसती भराव बसल्याची खूण कशी वाटावी? तिथं तर कागद होते, नकाशे होते, सरकार होतं. कागद असला म्हणजे सगळं झालं असंही नाही.

त्या रस्त्यावर उभं राहून आपल्या बोटभर खचलेल्या ओट्याची लाज वाटायला हवी, असं कुणी म्हणेल. मला नाही वाटली. आपलं घर आपल्याच मापानं दुखतं.

ठेकेदार एका अर्धवट घराच्या जोत्यावर डबा खात बसला होता. मला बघून उठला नाही, पण भाकरीचा तुकडा पुढं केला. स्टीलवाल्याचं देणं, दोन मालकांकडं अडकलेले हप्ते, सेंटरिंगच्या फळ्यांचं भाडं, सगळं त्यानं एका दमात सांगितलं. मग पिशवीतून डायरी काढली. मी चकित झालो. तारखेवार सगळं होतं. वाळू किती ब्रास, सिमेंटच्या गोण्या किती, आणि मध्ये मध्ये पेन्सिलीनं, 'आप्पांनी ओटा सहा इंच वर घ्यायला सांगितला', 'आईंनी देवघराला कमान सांगितली'. इकडं आप्पांच्या दुधाच्या वहीत मागच्या पानांवर दिलेला रुपया न् रुपया होता. म्हणजे आमच्यात लिहिलं गेलं नव्हतं असं नाही. दोघांनी आपापलं, एकमेकांपासून झाकून लिहिलं होतं.

मध्यस्थ म्हणून तंटामुक्ती समितीचं नाव निघालं. १५ ऑगस्ट २००७ला आर. आर. पाटलांनी ती मोहीम सुरू केली तेव्हा आमच्या गावानंही मोठा फलक रंगवला होता. आता त्यातली अर्धी अक्षरं उन्हानं उडाली आहेत. समितीतले एक जण मात्र कामाचे निघाले. कुकडी प्रकल्पावर उभी हयात घालवलेले निवृत्त ओव्हरसियर. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे, या पाच धरणांच्या कामावर मातीचे आणि माणसांचे सगळे प्रकार बघितलेले. बैठक देवळात ठरली होती. ते म्हणाले, "देवळात नको. देवळात माणसं शपथा घेतात. घरात बसू."

आले ते हातात स्टीलची टेप, ओळंबा आणि एक लहान हातोडी घेऊन. कुणाचंही काही ऐकून घेतलं नाही. टेपचं एक टोक आप्पांच्या हातात दिलं, दुसरं ठेकेदाराच्या. "धरा. आकडा दिसेल तो मोठ्यानं वाचा. दोघांनीही आपापल्या वहीत लिहा." आप्पा वाचत, ठेकेदार लिही, मग ठेकेदार वाचे, आप्पा लिहीत. पहिल्या खोलीत दोघंही आकडा एकमेकांच्या अंगावर फेकत होते. तिसऱ्या खोलीत आप्पा म्हणाले, "टोक जरा वर घे, झोळ पडतोय," आणि त्यानं घेतलं. टेपला झोळ असेल तर माप खोटं येतं, त्यामुळं दोन्हीकडून सारखंच ओढून धरावं लागतं. भांडायला हात मोकळे राहत नाहीत.

छज्जा निम्मा धरायचं ठरलं. ओव्हरसियरनी भिंतींना ओळंबा लावला. लावतात आणि मान हलवतात, लावतात आणि मान हलवतात. सगळ्या भिंती सरळसोट. ठेकेदाराच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा उजेड दिसला. "काम सुतात आहे," ओव्हरसियर म्हणाले, आणि आप्पांना ते ऐकावं लागलं. मग हातोडीनं प्लास्टर ठोकत निघाले; देवघरामागं ते पोकळ बोललं, तिथं खडूनं गोल काढला. शेवटी गच्ची. बांध घालून पाणी भरलं आणि आम्ही सगळे खाली माना वर करून बसलो. आईनं चहा केला. ठेकेदार कप घेताना तिच्याकडं बघून काहीतरी पुटपुटला, मला ऐकू आलं नाही, तिला आलं असावं, कारण दुसऱ्यांदा चहा आला तो त्याला आधी.

पाणी स्लॅबमधून आलंच नाही. आलं ते जिन्याच्या खोलीची भिंत आणि गच्ची जिथं भेटतात त्या सांध्यातून. तिथं सिमेंटचा गोलावा द्यायचा राहून गेला होता, नुसतं प्लास्टर मारून पुढं गेले होते. वाळू ठीक होती. पाणी न मारलेल्या त्या दोन रात्रींनीही गळतीपुरतं काही बिघडवलं नव्हतं. बिबट्या निर्दोष सुटला.

ओट्याखाली भराव नीट चोपला नव्हता, हे ठेकेदारानं स्वतःच कबूल केलं. मुरूम थरथरानं टाकून, पाणी मारून, धुमस करून पुन्हा करायचा. जादा कामातली कमान आणि उंच ओटा आईनं आणि आप्पांनी मान्य केला, टाकी मान्य केली नाही, ती दोघांनी अर्धी अर्धी वाटून घेतली. बेरीज-वजाबाकी होऊन देणं निघालं २ लाख ३१ हजार. यातलं कुठलंच वाक्य कुणाला पूर्ण पटलेलं नव्हतं आणि मला वाटतं म्हणूनच ते टिकलं.

स्वयंपाकघरातली भेग राहिली. ठेकेदार म्हणाला, "आप्पा, काळ्या रानात घर बांधलंय. ही जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात फाटते. ते माझ्या हातात नाय." आप्पा म्हणाले, "पाया आणखी खाली न्यायचा तुझ्या हातात होता." ओव्हरसियर दोघांनाही हो म्हणाले. मग त्यांनी खिशातून काचेची एक बारीक पट्टी काढली, भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं बसवली आणि शेजारी पेन्सिलीनं तारीख घातली. काच तडकली तर भेग चालू आहे, नाही तडकली तर थांबली. सरकारी कामात ठेकेदाराची अनामत अशीच दोषदायित्वाच्या मुदतीपर्यंत रोखून ठेवतात, म्हणाले. तेव्हा ४० हजार आप्पांकडं राहतील. पुढचा पावसाळा जाऊ द्या.

वकील म्हणत होते, लोकअदालतीत दाखलपूर्व प्रकरण म्हणून ठेवा. तिथली तडजोड म्हणजे कोर्टाचा हुकूमनामाच, त्यावर अपील नाही. ठेकेदाराला कोर्टाची पायरी नको होती. शेवटी स्टॅम्प पेपरवर लिहिलं, दोन साक्षीदार, दोन सह्या, दोन प्रती. दसऱ्यानंतर त्याची माणसं आली, सांधा फोडून गोलावा दिला, ओटा उकरून नव्यानं भरला. कठड्याचं प्लास्टर आधीपेक्षा गुळगुळीत झालं, जरा जास्तच, चिडून केल्यासारखं.

पुढचा पावसाळा गेला. जिना कोरडा, ओटा जागेवर, काच शाबूत. दिवाळी झाल्यापासून ठेकेदार ४० हजार मागतोय. आप्पांचं म्हणणं, पावसात नाही फुटली हे खरं, पण काळं रान खरं फाटतं ते एप्रिल-मेमध्ये. उन्हाळा जाऊ दे. तो म्हणतो, कागदावर पावसाळा लिहिलाय, उन्हाळा कुठं लिहिलाय? आप्पा म्हणतात, काच कागद वाचत नाही. आठवड्यातून एकदा तरी हा फोन होतो, दोघांचेही आवाज चढतात, आणि मधेच तो विचारतो, नारायणगावला आज टोमॅटोचं क्रेट कितीला गेलं.